पहिल्याच भागात पणाला काय?

ॲक्शन ॲनिमेच्या पहिल्या भागाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा डोळ्यांचेच ऐकतो. रंग भडक असतात, कॅमेरा गरगर फिरतो, तलवार म्यानातून निघायच्या आत समोरचा आडवा झालेला असतो, मागे गिटार आणि ढोल एकदम सुटतात. आपण म्हणतो, ‘भारी आहे!’ मग तिसऱ्या-चौथ्या भागाला तीच मालिका कंटाळवाणी होते आणि कुठे बिनसले ते सांगता येत नाही. माझे म्हणणे असे, की ते पहिल्याच भागात बिनसलेले असते. झगमगाटात ते दिसत नाही एवढेच. पहिला वार बसण्याआधी त्या वारात कुणाचे काय जाणार आहे हे कळले, तर शैली कितीही भडक असो, ती कामाला येते. ते कळले नाही, तर उत्तमातले उत्तम चित्रकामही वाया जाते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या गाजलेल्या मालिकांचे पहिले भाग हीच एक कसोटी हातात घेऊन पाहायचे आहेत, आणि तेही वाशिममध्ये बसून.

वाशिममध्येच का, तर आता हा प्रेक्षक इथे आहे म्हणून. मालेगावच्या एसटी स्टँडवर, रिसोडच्या अभ्यासिकेबाहेर, कारंज्याच्या कॉलेजच्या कट्ट्यावर एका मोबाइलवर तीन डोकी वाकलेली दिसतात आणि पडद्यावर क्रिकेट नसते. या मुलांशी बोलावे तर त्यांना स्टुडिओंची नावे पाठ असतात. ‘माप्पाचं आहे का युफोटेबलचं?’ हा प्रश्न मी वऱ्हाडी हेलात ऐकला आहे.

ही आवड एका दिवसात रुजलेली नाही. 1993च्या सुमारास रविवारी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तो निप्पॉन ॲनिमेशनने 1989मध्ये केलेला जपानी ॲनिमे होता. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजचे संगीत यांमुळे तो आपल्याला घरचाच वाटला. पुढे केबलवर ‘ड्रॅगन बॉल झी’, ‘पोकेमॉन’, ‘बेब्लेड’ आले. ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ने लहान मुलांची हिंदी घडवली. 2016नंतर डेटा स्वस्त झाला आणि मोठ्यांसाठीचे ॲनिमे खेड्यापर्यंत पोचले. 12 सप्टेंबर 2025ला ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही. त्याआधी कुठल्याही जपानी ॲनिमेपटाने आपल्या देशात एवढा गल्ला जमवला नव्हता. म्हणजे प्रेक्षक तयार आहे. त्याने काय पाहावे, कसे पाहावे याची चर्चा मराठीत मात्र फारशी होत नाही.

शैलीचा प्रश्न आधी घेतो, कारण तिच्याबद्दलचा एक गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. भरपूर हालचाल म्हणजे भरपूर चित्रे, असे आपण धरून चालतो. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम जातात, पण टीव्हीच्या ॲनिमेत प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र क्वचितच असते. एकच चित्र दोन फ्रेम टिकवले तर सेकंदाला 12 चित्रे लागतात, तीन फ्रेम टिकवले तर आठ. ओसामु तेझुका यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ने 1 जानेवारी 1963पासून ही काटकसर जपानी टीव्हीत रुळवली. पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे होते. पुढच्या पिढ्यांनी या अडचणीतूनच कला काढली. ॲनिमेटर योशिनोरी कानादांनी हातपाय वेडेवाकडे ताणलेल्या पोझ चितारल्या आणि मधली चित्रे गाळली. एका पोझमधून थेट दुसऱ्या पोझमध्ये उडी मारली, की डोळा मधली हालचाल स्वतः भरून काढतो, आणि भरून काढताना ती अधिक जोरकस वाटते. ठोसा बसण्याच्या क्षणी एखाददुसरी फ्रेम निव्वळ काळ्या-पांढऱ्या रेघांची घालतात. ती वेगळी अशी दिसत नाही, तिचा फक्त धक्का बसतो. मोबाइलवर व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे सरकवला तर ही फ्रेम कुणालाही सापडेल. एकदा ती सापडली, की फाइट सीन पाहण्याची नजरच बदलते.

ऊर्जा चित्रांच्या संख्येत नसते, ती निवडीत असते. कुठे थांबायचे आणि कुठे उडी मारायची, याची निवड. आणि नेमक्या याच गोष्टीशी वाशिमचा फार जुना संबंध आहे.

वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याची काही सर्वोत्तम लेणी झाली. सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करवून घेतले. तिथल्या शिलालेखात वत्सगुल्म शाखेची वंशावळ कोरलेली आहे. सतरावे लेणे त्याच्या एका मांडलिकाने केले. या सतराव्या लेण्याच्या भिंतीवर सिंहलाची कथा आहे. सिंहल हा व्यापारी. त्याचे जहाज फुटते आणि तो माणसे खाणाऱ्या राक्षसिणींच्या बेटावर पोचतो. त्या सुंदर स्त्रियांची रूपे घेऊन वावरतात. पांढऱ्या घोड्यावरून तो निसटतो. एक राक्षसीण माग काढत राजदरबारापर्यंत येते, राजा तिला ठेवून घेतो आणि खाल्ला जातो. मग सिंहल राजा होतो आणि सैन्य घेऊन त्या बेटावर चालून जातो. नावांमध्ये उभे हत्ती, भाले, बाण, कोसळणाऱ्या राक्षसिणी, सगळे एका भिंतीवर. मध्ये चौकटी नाहीत. सिंहल त्याच चित्रात पुन्हा पुन्हा येतो आणि तो कुठून कुठे गेला ते आपली नजर जोडून घेते. त्याच लेण्यात कपिलवस्तूला परतलेला बुद्ध यशोधरा आणि राहुलासमोर उभा आहे. तो अवाढव्य आहे आणि ती दोघे त्याच्यापुढे इवलीशी. चित्रकाराला माणसाची मापे ठाऊक नव्हती असे नाही. त्याला त्या भेटीचे वजन दाखवायचे होते.

जपानमध्ये बाराव्या शतकातल्या चित्रगुंडाळ्यांमध्ये हीच युक्ती दिसते. तोच माणूस एका चित्रात अनेकदा, गुंडाळी उलगडत जाईल तशी पुढे सरकणारी गोष्ट. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’चे दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी 1999मध्ये एक पुस्तकच लिहून या गुंडाळ्यांना आजच्या ॲनिमेचे पूर्वज ठरवले. अजिंठ्याची आणि नारा इथल्या होर्युजी मंदिराच्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक पूर्वीपासून करत आले आहेत. जपानी चित्रकार कांपो अराई पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात आले, अजिंठ्यात राहून त्यांनी चित्रांच्या नकला केल्या. त्या 1923च्या भूकंपात नष्ट झाल्या. अजिंठ्यातून ॲनिमे निघाला असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे खोटे ठरेल. पण स्थिर चित्रातून धावणारी गोष्ट कशी सांगावी हा प्रश्न आपल्या मातीला परका नाही, आणि वत्सगुल्मच्या आश्रयाने काम करणाऱ्या चित्रकारांनी दिलेले उत्तर आजही पटते. वाशिमच्या मुलांनी अजिंठ्याची सहल करावी आणि सतराव्या लेण्यात जरा जास्त वेळ थांबावे.

हे डोक्यात ठेवून ‘किल ला किल’कडे वळतो. ऑक्टोबर 2013मध्ये सुरू झालेली ही ट्रिगर स्टुडिओची मालिका. दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी कानादांच्याच वळणातले. शैलीदार, दणदणीत पहिल्या भागाचे उदाहरण द्यायचे तर हेच द्यावे लागते. शाळेच्या वर्गात इतिहासाचा तास चालू आहे, विषय हिटलरच्या उदयाचा. दार फोडून गामागोरी नावाचा शिस्तरक्षक आत येतो आणि तो इतका प्रचंड आहे की चौकटीत मावत नाही. पुढच्या दृश्यात तोच लहान असतो. माणसाचा आकार इथे दराऱ्याप्रमाणे कमीजास्त होतो, सतराव्या लेण्यातल्यासारखाच. नावे पडद्यावर लाल, राक्षसी अक्षरांत आदळतात. शाळेची सर्वेसर्वा सात्सुकी उंचावर उभी राहते, टाच आपटते आणि तिच्या मागून प्रकाश फुटतो. चित्रे मोजली तर फार नाहीत. कित्येक ठिकाणी एकच चित्र नुसते सरकवले आहे, पण ते इतक्या ठामपणे, की त्यात काटकसर जाणवत नाही.

आणि एवढ्या गोंगाटात कसोटी पार पडते का? पडते. र्‍युको ही मुलगी बापाच्या खुन्याचा शोध घेत अर्धी कात्री पाठीवर लावून येते आणि पहिल्याच लढतीत हरते. सपशेल हरते, पळून जाते. एवढ्या मस्तीत सुरू झालेल्या भागात नायिकेला हरवण्याची हिंमत लेखक काझुकी नाकाशिमा दाखवतात. त्यामुळे नंतरचा विजय आपल्याला आपला वाटतो. एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती मी सोडून देणार नाही. र्‍युकोला शक्ती देणारा पोशाख तिला जवळजवळ उघडी करतो आणि पहिल्यांदा तो तिच्या अंगावर जबरदस्तीने चढतो. मालिका पुढे लाज, कपडे आणि सत्ता यांवर बोलते, हे खरे. पण पहिल्या भागात कॅमेरा त्या विचाराने फिरत नाही, तो शाळकरी मुलीच्या अंगावर फिरतो. ‘दांदादान’च्या (ऑक्टोबर 2024, सायन्स सारू) पहिल्या भागातही हाच डाग आहे. भुतांवर विश्वास ठेवणारी मोमो आणि परग्रहवासीयांवर विश्वास ठेवणारा मुलगा, दोघांनी एकमेकांना दिलेले आव्हान, बोगद्यातली सुसाट धावणारी म्हातारी, हे सगळे ताजे आणि जिवंत आहे. मोमोची शक्ती आजीच्या आठवणीतून जागी होते तो क्षण तर फारच सुंदर. पण तिथवर पोचायला तिला कपडे काढून बांधून ठेवण्याची गरज नव्हती. घरात एकच मोबाइल असतो, तो भावाबहिणीत फिरतो. हे दृश्य बहिणीला कसे वाटेल असा प्रश्न इथल्या मुलांनी स्वतःला जरूर विचारावा.

आता माझ्या मते सर्वांत चांगला पहिला भाग : ‘डेमन स्लेयर’, एप्रिल 2019, युफोटेबल, दिग्दर्शक हारुओ सोतोझाकी. इथे झगमगाट जवळजवळ नाही. तांजिरो कोळसा विकणारा मुलगा, बाप वारलेला, पाठीमागे आई आणि भावंडे. गावात उशीर होतो म्हणून तो एका म्हाताऱ्याकडे रात्र काढतो, सकाळी घरी येतो तर सगळे मारले गेलेले. बहीण नेझुको जिवंत आहे, पण तिची राक्षसीण झाली आहे. बर्फात तलवारबाज गियू तिला मारायला उभा राहतो. तांजिरो गुडघे टेकून विनवतो आणि गियू त्याच्यावर ओरडतो. मग ती छोटीशी लढाई होते. तांजिरो दगड फेकतो, झाडाआड जातो, पुन्हा दगड फेकतो आणि हात मागे लपवून गियूवर धावून येतो. गियू त्याला एका फटक्यात पाडतो. मग त्याच्या लक्षात येते, पोराच्या हातात कुऱ्हाड नव्हतीच. वर पाहतो तो कुऱ्हाड गरगरत खाली येते आणि त्याच्या डोक्याजवळ झाडात रुतते. झाडाआडूनच ती वर भिरकावलेली होती. आपण मरणार हे धरून चालून, मेल्यानंतरही वार बसावा अशी योजना त्या मुलाने केली होती. तीस सेकंदांचा प्रसंग असेल. त्यात मुलगा कच्चा आहे, हुशार आहे, बहिणीसाठी जीव द्यायला तयार आहे, हे सगळे येते आणि कुणी एक शब्द समजावून सांगत नाही. कीर्तनात पूर्वरंग नीट रंगला की उत्तररंगातली कथा आपोआप मनात उतरते, तसे या मालिकेचे झाले आहे. पुढे याच स्टुडिओने पाण्याचे आणि आगीचे जे डोळे दिपवणारे वार चितारले, त्यांना वजन मिळते ते त्या साध्या कुऱ्हाडीमुळे.

‘अटॅक ऑन टायटन’चा पहिला भाग (एप्रिल 2013, विट स्टुडिओ, दिग्दर्शक तेत्सुरो आराकी) याच जातीचा, फक्त अधिक क्रूर. भिंत फुटते, एरेनची आई घराखाली अडकते, टायटन चालत येतो. हानेस नावाचा ओळखीचा शिपाई शस्त्र उपसून पुढे जातो, वर पाहतो आणि त्याचे पाय थिजतात. तो मागे फिरतो, एरेनला आणि त्याच्यासोबतच्या मुलीला उचलतो आणि पळतो. ॲक्शन मालिकेच्या पहिल्याच भागात प्रशिक्षित माणसाने लढणे नाकारले आहे! पुढे या मालिकेत जो जो लढतो त्याच्या मागे हा पळालेला हानेस उभा असतो. भीतीला एवढी जागा दिल्यामुळे धैर्याला किंमत आली.

‘काउबॉय बीबॉप’बद्दल थोडक्यात. ही मालिका 1998ची, वाशिम जिल्हा झाला त्याच वर्षीची. शिनइचिरो वातानाबे यांचा संयम आजही धडा घ्यावा असा आहे. ओपनिंगमध्ये योको कान्नोंचे जॅझ धडधडते आणि लगेच आपण इनामासाठी गुन्हेगार पकडणाऱ्या दोन उपाशी माणसांपाशी येतो, ज्यांच्या जेवणात मांसाचा पत्ता नाही. इनाम हातचे जाते. गरोदर दिसणाऱ्या बाईच्या पोटात मूल नसते, अमली पदार्थाच्या कुप्या असतात. शेवटी त्या अंतराळात तरंगत जातात. नायकाला काहीच मिळत नाही. ‘जुजुत्सु काइसेन’चा (2020) पहिला भाग मला चांगला वाटतो तो राक्षसांमुळे नव्हे, दवाखान्यात मरणाऱ्या आजोबांमुळे. माणसांत राहून मर, असे ते नातवाला सांगतात. पुढे तो नातू शापित बोट गिळतो तेव्हा त्या वेडेपणामागे ते वाक्य असते.

‘सोलो लेव्हलिंग’ (जानेवारी 2024, ए-1 पिक्चर्स) आपल्याकडच्या मुलांत फार लोकप्रिय आहे. कमजोर मुलगा दवाखान्यात पडलेल्या आईच्या खर्चासाठी जीव धोक्यात घालतो, ही गोष्ट इथे कुणालाही पटावी. तरी पहिला भाग सुरू होतो तो बलाढ्य शिकाऱ्यांच्या राक्षसी मुंग्यांशी चाललेल्या लढाईने. पुढे किती धमाका होणार याचा तो नमुना आहे. मला ही घाई वाटते. ज्यांना आपण ओळखत नाही त्यांची लढाई कितीही देखणी असली तरी ती जाहिरातच राहते. नमुना न दाखवताही मुले थांबली असती. त्या आईने त्यांना थांबवले असते.

शेवटी ‘चेनसॉ मॅन’, ऑक्टोबर 2022, माप्पा. ही मालिका प्रौढांसाठी आहे, रक्त बेसुमार आहे, लहानांनी पाहू नये. पण तिचा पहिला भाग या जिल्ह्यात जसा कळेल तसा टोकियोच्या श्रीमंत वस्तीत कळेल का, मला शंका आहे. डेंजीचा बाप मरतो आणि त्याचे कर्ज गुंडांकडून या मुलाच्या डोक्यावर येते. तो एक मूत्रपिंड विकतो, एक डोळा विकतो, झाडे तोडतो, राक्षस मारतो, तरी आकडा उतरत नाही. झोपडीत तो आणि पोचिता नावाचा कुत्र्याएवढा राक्षस ब्रेडचा तुकडा वाटून खातात. ब्रेडला जॅम लावून खावा, एवढेच त्याचे स्वप्न. 2006मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले त्यात वाशिम होता. बापाचे कर्ज म्हणजे काय, सावकाराचा माणूस दारात आला की घरातले आवाज कसे बंद होतात, हे इथल्या पोरांना जपानी लेखकाने शिकवायची गरज नाही. म्हणून शेवटी डेंजीच्या छातीतून करवतीचे यंत्र गरजते आणि तो त्या गुंडांवर तुटून पडतो, तेव्हा इथला प्रेक्षक केवळ रक्ताला टाळ्या देत नाही. दिग्दर्शक र्‍यू नाकायामांनी पहिला अर्धा भाग मुद्दाम फिक्या रंगांत, जवळजवळ आवाज न चढवता ठेवला आहे. काही चाहत्यांना हे संथ वाटले, त्यांनी तक्रारीही केल्या. मला वाटते, तो संथपणा नसता तर करवत नुसती करवत राहिली असती.

‘तीन भाग बघा, मग ठरवा’ असा सल्ला चाहते देतात. सल्ला वाईट नाही, पण तो पहिल्या भागाला फार सूट देतो. पहिल्या भागाने सगळे सांगावे असे नाही. खलनायक, नियम, जगाचा नकाशा, हे नंतर आले तरी चालते. पणाला काय आहे एवढे मात्र त्याने 24 मिनिटांत सांगितलेच पाहिजे, आणि त्या 24मधली तीन मिनिटे ओपनिंग-एंडिंगच्या गाण्यांत जातात.

राहिला भाषेचा प्रश्न. क्रंचीरोलसारख्या सेवा आता हिंदी, तमिळ आणि तेलुगूत डबिंग देतात. त्यात मराठी नाही. घरात वऱ्हाडी बोलणारी, पोहरादेवीच्या परिसरात गोरमाटी बोलणारी मुले हिंदी डब सहज समजून घेतात, म्हणून गरज नाही असे कंपन्यांना वाटत असावे. पण गियूची ती बर्फातली आरोळी, डेंजीचे ब्रेडचे स्वप्न, मरणाऱ्या आजोबांचे शब्द, हे मराठीत ऐकायला मिळाले तर आज जो ॲनिमे फक्त मुलांच्या मोबाइलमध्ये आहे तो आईवडिलांसोबत बसून पाहता येईल. युगो साको आणि राम मोहन यांनी 1992मध्ये रामायणावर ॲनिमेपट केला होता; जानेवारी 2025मध्ये तो भारतातल्या चित्रपटगृहांत लागला आणि नातवंडे आजीआजोबांना घेऊन गेली. तो प्रेक्षक मराठीतही मिळेल. मराठी रंगभूमीवर दमदार आवाजांची वाण नाही.

ज्यांनी यातले काहीच पाहिलेले नाही त्यांनी ‘डेमन स्लेयर’च्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. त्यातही रक्त आहे, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ते झोपल्यावर. आधी समजणाऱ्या भाषेत पाहावा, मग तोच भाग जपानी आवाजात. आणि कुऱ्हाड वर गेली तो क्षण थांबवून पाहायला विसरू नये.